'देवराई'तला शेष
सिनेमातला मनोरुग्ण बहुधा हसवायला नाहीतर घाबरवायला असतो. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई'त (२००४) तसं नाही. अतुल कुलकर्णींनी साकारलेला शेष स्किझोफ्रेनिया या आजारातल्या भास आणि संशयाशी झगडतो; त्याला सांभाळताना बहिणीची, म्हणजे सोनाली कुलकर्णींची, होणारी ओढाताणही दिसते. मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं. चित्रपटामागे उभे राहिलेल्या डॉ. जगन्नाथ वाणींच्या पत्नीलाच हा आजार होता.

याच आजारावरच्या 'अ ब्यूटिफुल माइंड' या इंग्रजी चित्रपटात गणितज्ञ नॅशला नसलेली माणसं दिसतात. खऱ्या नॅशना आवाज ऐकू येत. स्किझोफ्रेनियात असे आवाजाचे भासच जास्त आढळतात.

जिंतूरकरहो, घरात कुणी असे आवाज ऐकत असेल तर अंगारे-धुपाऱ्यांत वेळ घालवू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, औषधं मनाने थांबवू नका. 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा मोफत क्रमांक १४४१६ आहे.