निकी हॉपकिन्स : सेशन वादकाच्या कलेचे स्वरूप

एखाद्या वाद्यवृंदाचा कायम सभासद नसलेल्या, ठरलेल्या मानधनावर एका गाण्यापुरत्या किंवा एका ध्वनिमुद्रिकेपुरत्या बोलावल्या जाणाऱ्या वादकास रॉक संगीताच्या व्यवहारात 'सेशन वादक' म्हणतात. अनोळखी चाल काही तासांत आत्मसात करून, इतरांच्या वादनात मोकळी राहिलेली जागा हेरणे आणि तेवढीच भरणे, हे या कामाचे सार आहे. इंग्लिश पियानोवादक निकी हॉपकिन्स (१९४४–१९९४) यांची कारकीर्द या कामाचा उत्तम नमुना मानता येते.

लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये अभिजात पियानोचे शिक्षण घेत असतानाच, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते अकॅडमी सोडून एका रॉक अँड रोल वाद्यवृंदात दाखल झाले. परंतु १९६३ मध्ये आतड्याच्या क्रोन्स विकारामुळे सुमारे दीड वर्ष त्यांना अंथरुणाला खिळून राहावे लागले. गावोगावचे दौरे झेपण्याजोगी प्रकृती न उरल्याने त्यांनी स्टुडिओतील काम पत्करले, आणि त्यातूनच द हू, द किंक्स, बीटल्स व रोलिंग स्टोन्स अशा परस्परांपासून भिन्न शैलींच्या वाद्यवृंदांशी त्यांचा संबंध आला.

हे काम प्रत्यक्ष कसे चालते, ते जाँ-लुक गोदार यांच्या 'वन प्लस वन' (१९६८) या चित्रपटात पाहता येते. लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत रोलिंग स्टोन्सचे 'सिम्पथी फॉर द डेव्हिल' आकार घेत असताना तेथे कॅमेरा लावलेला होता. प्रारंभी गिटारच्या साथीने संथपणे गायले जाणारे हे गाणे, एकेक 'टेक' म्हणजे मुद्रणाचा प्रयत्न फसत गेला तसतसे, आफ्रिकी व लॅटिन ठेक्याकडे सरकत जाते आणि सुरुवातीला ऑर्गनवर असलेले हॉपकिन्स पियानोकडे वळतात. या बदलामागील तर्क वाद्यांच्या स्वभावात शोधता येतो : ऑर्गनचा स्वर कळ दाबलेली असेपर्यंत लांबत राहून ठेक्यातील फटी बुजवतो, तर पियानोचा स्वर आघातासरशी उमटून लगेच विरू लागतो व काँगा या हातांनी वाजवायच्या ढोलांना मोकळीक देतो. अंतिम मुद्रणात गिटार एकल वादनापुरते पुढे येत असल्याने स्वरमेळाचा, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरसमूहांचा, भार मुख्यतः पियानोवरच पडतो. तरीही हे वादन गायकाच्या पुढे जात नाही, कडव्यागणिक केवळ दाट होत जाते.

याउलट बीटल्सच्या 'रिव्होल्यूशन' (१९६८) या गाण्यात त्यांचे काम आधीच मुद्रित झालेल्या वाद्यमेळावर नंतर वादन चढवण्याचे, म्हणजे 'ओव्हरडब'चे होते. तेथे कर्कश गिटारांच्या गदारोळातून ऐकू येण्यासाठी त्यांचा इलेक्ट्रिक पियानो संयम सोडून उसळतो. जॉन लेनन यांच्या 'जेलस गाय'मध्ये (१९७१) तोच वादक पुन्हा मृदू होतो. एकाच हाताची ही तीन वळणे पाहता, सेशन वादकाची शैली ठरावीक स्वरावलीत शोधण्यापेक्षा त्याच्या निवडीत शोधणे अधिक योग्य ठरते.

मात्र हक्कांची व्यवस्था ही निवड मोजत नाही. गीत आणि चाल रचणाऱ्यास स्वामित्वधन मिळत राहते, तर साथीची स्वरावली जागच्या जागी रचणाऱ्या वादकाचा हिशेब सामान्यतः त्या दिवसाच्या मानधनावर मिटतो. द हूच्या पहिल्या अल्बममधील 'दि ऑक्स' (१९६५) या रचनेच्या श्रेयात हॉपकिन्स यांचे नाव आहे. त्यांच्या कारकिर्दीत असे अपवाद थोडेच. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश २०२५ मध्ये, मृत्यूनंतर एकतीस वर्षांनी झाला.