हिमवाटेवरची सायकल : समज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतील मिनेसोटा आणि अलास्का या राज्यांत कडाक्याच्या हिवाळ्यातही माउंटन बाइकवरून गटाने भटकंती चालते. मिनेसोटात इंटरनॅशनल फॉल्स ते टॉवर अशी सुमारे २१७ किलोमीटरची ‘अ‍ॅरोहेड १३५’ ही शर्यत तर मुद्दाम भर हिवाळ्यात भरवली जाते. पारा उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरणे तिथे नवलाचे नाही. बाहेरून पाहणाऱ्याला भीती वाटते ती थंडीची. मुरलेले स्वार मात्र धास्ती घेतात ती घामाची आणि थांबण्याची.

जितके कपडे जास्त तितके बरे, हा सर्वांत पक्का गैरसमज. चढावर जोर लावून पेडल मारणारे शरीर भरपूर उष्णता तयार करते. जाड जाकिटात घाम फुटतो, आतले कपडे भिजतात आणि ओले कापड ऊब धरत नाही. सुती तर अजिबातच नाही. म्हणून निघताना किंचित हुडहुडी भरेल इतकेच कपडे घालायचे आणि पिसांचे जाकीट पिशवीत सर्वांत वर ठेवायचे. मोज्यांचेही तेच. घट्ट बुटात दोन-तीन जोड कोंबले की रक्तप्रवाह दबतो आणि बोटे उलट लवकर बधिर होतात.

गटात असले की धोका नाही, हेही अर्धेच खरे. पुढचे स्वार फाट्यावर थांबून मागच्यांची वाट पाहतात आणि तेवढ्या काही मिनिटांत त्यांचा घाम गार पडतो. मागचा धापा टाकत पोहोचतो, तोच गारठलेली मंडळी निघायची घाई करतात. त्याला ना दम खायला मिळतो, ना घोटभर पाणी. एकाचे चाक पंक्चर झाले की बाकीचे नुसते उभे राहतात, ते आणखी वाईट. शहाणा गट वेग ठरवतो तो सर्वांत सावकाश जाणाऱ्याच्या बेताने, शेवटी एक जाणता स्वार ठेवतो आणि थांबताक्षणीच, थंडी वाजण्याआधी, जाकीट चढवतो.

गटाचा खरा उपयोग वेगळाच आहे : एकमेकांचे चेहरे पाहणे. हिमदंशाची सुरुवात होताना नाकाचा शेंडा किंवा गाल पांढुरका, मेणासारखा दिसतो. ती जागा बधिर झाल्याने ज्याची त्याला खबर नसते. त्यावर बर्फ चोळावा, असे अजूनही सांगितले जाते. १८१२ मध्ये मॉस्कोहून माघार घेणाऱ्या नेपोलियनच्या सैन्याचे शल्यविशारद डोमिनिक-जाँ लारे यांच्या सल्ल्याने ही समजूत फार काळ टिकली. प्रत्यक्षात चोळल्याने गोठू लागलेल्या पेशींना इजाच होते. सुरुवातीच्या डागावर उबदार तळहात टेकवून आडोसा गाठावा. खोल हिमदंशावर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्याचा उपचार असतो, पण भाग पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर तो वाटेत वितळवू नये. ब्रँडीने ऊब येते हाही भासच. त्वचेकडे रक्त धावते आणि शरीरातली उष्णता बाहेर जाते.

उणे २० अंश तापमानात ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर हवामान खाते उणे ३३ असा ‘विंड चिल’, म्हणजे वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी, सांगते. हा आकडा उघड्या त्वचेसाठी आहे. साखळी किंवा बाटलीतले पाणी उणे २० च्या खाली जात नाही, मात्र तिथवर लवकर पोहोचते. उतारावर सायकल स्वतःच वारा निर्माण करते, हे विसरले जाते.

फॅट बाइकचे चार-पाच इंची टायर कोणत्याही बर्फात चालतात, हा समज ताज्या, भुसभुशीत बर्फात पहिल्या शंभर मीटरमध्येच गळून पडतो. त्यांना स्नोमोबाइलने दाबलेली वाट लागते. कडक, गुळगुळीत बर्फावर तर रुंदी कामाची नाही; तिथे धातूच्या खिळ्यांचेच टायर हवेत. तलावावरचा बर्फ पांढरा दिसला म्हणून तो पक्का असतो असेही नाही. वरचे हिम पांघरुणासारखे असल्याने खालचा थर उलट सावकाश जाड होतो.

टायरमधली हवा घरातच भरून निघणे ही हमखास होणारी चूक. २० अंशांच्या खोलीत ८ पीएसआय भरलेला टायर बाहेर उणे २० मध्ये जेमतेम ५ दाखवतो. हवा झिरपली असे समजून उगाच पंक्चर शोधले जाते. पारा जितका खाली तितकी वाट कठीण, असेही सरसकट नाही. शून्याच्या आसपासचा ओलसर बर्फ चाकाला धरून ठेवतो, तर उणे १० ला वाट घट्ट होते. त्याहून फार खाली मात्र बर्फ वाळूसारखा जड लागतो.

यंत्राची सर्वांत फसवी अडचण मागच्या चाकाच्या फ्रीहबमध्ये असते. उन्हाळ्यातले दाट ग्रीस थिजले की आतल्या छोट्या खिट्ट्या दातांत अडकत नाहीत. पेडल गरगर फिरते, सायकल जागची हलत नाही. साखळी तुटली असे समजून लोक ती तपासत बसतात. हिवाळ्याआधी ते ग्रीस काढून पातळ तेल घातले की हा प्रश्न बहुधा उद्भवत नाही.