पट्टा हाडावर हवा

ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी भिंतीवर आदळून थांबते, आतला माणूस मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतो. त्याला थांबवायचं, पण शरीराला कुठे धरून? निल्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने 1959 मध्ये व्होल्वोसाठी तीन बिंदूंचा पट्टा घडवला, तो हाच विचार करून. त्याआधी त्यांनी वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम केलं होतं.

धक्का सोसायची ताकद हाडांत असते. म्हणून तिरका पट्टा खांद्यावरून, बरगड्यांवरून जातो आणि आडवा कमरेच्या हाडावर बसतो. तो सैल राहून पोटावर सरकला, तर धडकेत आतडी फाटू शकतात. गर्भवतीने तर आडवा पट्टा पोटाच्या खालूनच घ्यावा, मागच्या सीटवर बसली असली तरी.