जांभ्याच्या सड्यावर

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा खडकाळ किनारा आहे. तेथील जुनी केल्टिक भाषा लोकांच्या तोंडून गेली होती; १९०४ साली हेन्री जेनर यांनी तिचे पुस्तक काढले, तेव्हापासून तिला पुन्हा पालवी फुटली. कथिलाची शेवटची खाण १९९८ साली बंद पडली, आणि २००६ साली त्या खाणींचा मुलूख जागतिक वारसा ठरला. मजूर गेले नि पाहुणे आले!

बजाजनगरच्या कारखान्यांना सुटी लागली की आमचे सोबती गोव्याकडे धावतात. त्यांना आम्ही वाटेत राजापूरच्या सड्यावर वळवतो. कशेळीला जांभ्यात कोरलेला सुमारे १८ मीटरांचा हत्ती आहे; त्याच्या अंगात मासे, जनावरे, किती म्हणून सांगावे! उभ्याने तो एका नजरेत मावत नाही. मग कोरणाराने तो डोळ्यांत साठवला कसा?

कशेळी, बारसू ही स्थळे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. बारसूच्याच सड्यावर २०२३ साली तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी माती-परीक्षण सुरू झाले, आणि गावकरी आडवे आले. रोजगाराची किंमत आम्हांला कोणी शिकवू नये. १९८२ च्या गिरणी संपात कोकणच्या घराघराने ती मोजली आहे. परंतु कारखान्याला दुसरी जागा मिळते, हत्तीला मिळत नाही.

जाल तेव्हा चपला काढा, आणि रेघा खडूने गिरवू नका.