पेन्सिल सेल की कंपनीची बॅटरी : कॅमेऱ्याच्या आयुष्याचा हिशेब

सिडकोने वसवलेल्या नवीन पनवेलमधील खांदा कॉलनीत कॅमेरा बाळगणारे ढोबळमानाने दोन प्रकारचे आहेत : मुंबई-गोवा महामार्गावरील कर्नाळा अभयारण्यात पहाटे पक्ष्यांच्या मागावर जाणारे हौशी छायाचित्रकार आणि लग्नसराईत हळदीपासून वरातीपर्यंत उभे राहणारे व्यावसायिक. दोघांनाही बॅटरीची निवड करावी लागते; मात्र ती बहुधा कॅमेरा विकत घेतानाच, नकळत होऊन गेलेली असते.

बाजारात ‘पेन्सिल सेल’ म्हणून ओळखला जाणारा ‘डबल ए’ आकाराचा सेल सुमारे साडेचौदा मिलिमीटर जाड आणि पन्नास मिलिमीटर लांब असतो. हे माप आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेले असल्याने कोणत्याही कंपनीचा सेल कोणत्याही उपकरणात बसतो. त्याचा पुन्हा चार्ज होणारा प्रकार म्हणजे निकेल-मेटल हायड्राइड सेल. जुन्या निकेल सेलमधील साठा वापर नसतानाही आपोआप गळत असे आणि महिनाभर कपाटात राहिलेला संच ऐन वेळी दगा देई; 2005 साली सान्योने ‘एनेलूप’ बाजारात आणल्यावर हा दोष बराच आटोक्यात आला. तोपर्यंत कॅमेरा उत्पादक मात्र लिथियम-आयन बॅटरीकडे मोठ्या प्रमाणावर वळले होते.

त्यामागे सबळ कारण होते. 1.2 व्होल्ट आणि 2000 मिलीअँपिअर-तास क्षमतेच्या चार सेलमध्ये मिळून 9.6 वॅट-तास ऊर्जा मावते, तर कॅननने 2008 मध्ये ‘फाइव्ह डी मार्क टू’सोबत आणलेली ‘एलपी-ई6’ ही त्यांच्याहून हलकी बॅटरी सुमारे 13 वॅट-तास साठवते. शिवाय तिच्यातील चिप शिल्लक ऊर्जेचा अंदाज कॅमेऱ्याला कळवते. म्हणून कॅमेऱ्यासाठी कंपनीची बॅटरी स्वीकारणे योग्यच आहे, मात्र खरेदीपूर्वी तिचा वंश तपासावा : एलपी-ई6चा आकार पुढील अनेक मॉडेलांत कायम राहिला, तसाच निकॉनच्या 2010 मधील ‘ईएन-ईएल15’चाही, याउलट एखाद-दुसऱ्या मॉडेलपुरती काढलेली बॅटरी बंद झाली की धडधाकट कॅमेराही अडगळीत जातो.

फ्लॅशचा न्याय वेगळा. प्रत्येक झोतानंतर फ्लॅशमधील कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक, पुन्हा भरावा लागतो आणि त्यासाठी क्षणभर मोठा प्रवाह लागतो. साध्या अल्कलाइन सेलचा अंतर्गत रोध जास्त असल्याने त्याचा दाब अशा वेळी झपाट्याने उतरतो. निकेल सेलचा दाब कागदावर कमी असूनही तो भाराखाली टिकून राहतो. अक्षता पडण्याच्या क्षणी फ्लॅश तयार असणे ज्याच्या पोटापाण्याशी जोडलेले आहे, त्याने चार-चार सेलचे संच मार्करने क्रमांक घालून वेगळे ठेवावेत, कारण एकच थकलेला सेल इतर तिघांच्या रेट्याने उलट्या दिशेने चार्ज होऊन कायमचा निकामी होऊ शकतो.

स्वस्त नकली लिथियम बॅटरीचा मोह मात्र आवर्जून टाळावा. तिच्यातील संरक्षक सर्किट निकृष्ट असेल, तर ती फुगून कॅमेऱ्याच्या कप्प्यातच अडकते, क्वचित पेटही घेते.

भारताच्या 2022च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. युरोपीय संघाच्या 2023च्या नियमांत त्यापुढची एक तरतूद आहे : ज्या उपकरणांत पोर्टेबल, म्हणजे सहज वाहून नेण्याजोगी, बॅटरी असते, त्यांची विक्री थांबल्यावरही ती किमान पाच वर्षे सुटा भाग म्हणून वाजवी दरात उपलब्ध ठेवावी लागेल. भारतीय ग्राहकालाही हा हक्क मिळायला हवा. तो मिळेपर्यंत कॅमेरा चालू उत्पादनात असतानाच एक अधिकची अस्सल बॅटरी घेऊन ठेवणे आणि ती साधारण अर्धी चार्ज करून थंड, कोरड्या जागी जपणे, एवढेच त्याच्या हाती आहे.