मामा तलावाचे पाणी आणि छायाचित्राचे मोल

गोंदिया जिल्ह्यातील सौंदडच्या भोवतालच्या धानपट्ट्यात ज्याचे आयुष्य गेले आहे, त्याला मालकी आणि वापर या दोन गोष्टींतील भेद वकिलाकडे जाऊन शिकावा लागत नाही. मालगुजारीच्या, म्हणजे गावच्या जमीनदारीच्या, अमदानीत गावचा तलाव मालगुजाराचा असे. परंतु त्याच्या पाण्यावर कोणाच्या बांध्या भिजाव्यात आणि गुरांनी कोठे पाणी प्यावे, यासंबंधीचे गावकऱ्यांचे हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ या दप्तरात लेखी नमूद असत. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली, तलाव सरकारच्या मालकीचे झाले आणि ‘माजी मालगुजारी’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणू लागले. पण मालक बदलला तरी निस्ताराचे, म्हणजे गावकऱ्यांच्या वापराचे, हक्क दप्तरात राहिलेच. मासिकाला छायाचित्र देताना आमच्याकडचे छायाचित्रकार नेमका हाच भेद विसरतात. मीही तो एकदा विसरलो होतो, म्हणून हा लेख.

गोंदिया जिल्हा हा महाराष्ट्रातील सारस पक्ष्यांचा अखेरचा मोठा आसरा होय. काही वर्षांपूर्वी, पावसाळा सरत आला असता, पहाटेच्या गाडीने सौंदडहून गोंदिया गाठून आणि तेथून पुढे मित्राच्या दुचाकीवर बसून मी एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या धुऱ्यावर दोन तास उभा होतो. धान नुकतेच निसवू लागले होते, धुके विरत होते, आणि नराच्या एका दीर्घ हाकेला मादी दोन आखूड हाकांनी साथ देत असताना दोघांच्या माना एकाच वेळी आकाशाकडे वळल्या, तो क्षण कॅमेऱ्यात आला. ते चित्र एका दिवाळी अंकाने मागितले. संपादकांनी दूरध्वनीवर विचारले, ‘‘फोटोचे काय घ्याल?’’ मी भिडेखातर म्हणालो, ‘‘द्याल ते.’’ पाचशे रुपये आणि अंकाची एक प्रत आली. दोन वर्षांनी गोंदियाच्या बाजारात एका किराणा दुकानाच्या भिंतीवर तेच सारस मला एका दिनदर्शिकेच्या पानावर भेटले. खाली माझे नाव नव्हते. चौकशी केली तेव्हा ‘‘चित्र आम्ही विकत घेतले होते’’ असे उत्तर मिळाले, आणि ते खोडून काढण्यास लागणारे ज्ञान त्या वेळी माझ्यापाशी नव्हते.

वस्तुतः १९५७ चा कॉपीराइट कायदा या बाबतीत बराच सुस्पष्ट आहे. स्वतःच्या मनाने काढलेल्या छायाचित्राचा प्रथम हक्कदार छायाचित्रकारच असतो. दुसऱ्याने मोबदला देऊन काढवून घेतलेल्या चित्राचा हक्क मात्र, तसा वेगळा करार नसल्यास, काढवून घेणाऱ्याकडे जातो, हे लग्नसमारंभाची कामे घेणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. हक्क दुसऱ्याच्या नावे करावयाचा तर लेखी दस्त आणि सही लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत, असे कायदा धरून चालतो. माझ्या प्रकरणात कागदच नव्हता, तेव्हा हक्क माझ्याकडेच होता.

छायाचित्रकारांची ही उपेक्षा आजची नव्हे. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांना उमेदवारीच्या काळात ‘बॉम्बे क्रॉनिकल’कडून छापून आलेल्या एका चित्राचा एक रुपया मिळे, आणि आरंभीची त्यांची चित्रे तर पतीच्या नावाने छापली जात. रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ प्रभृती छायाचित्रकारांनी १९४७ साली ‘मॅग्नम’ ही सहकारी संस्था काढली, ती चित्रांचे हक्क मासिकांच्या हाती न जाता छायाचित्रकारांकडेच राहावेत या निश्चयाने.

मासिक चित्र विकत घेत नसते. एका अंकापुरता ते त्याचा निस्तार घेत असते, हे एकदा मनात ठसले की दराचा हिशेब सुटसुटीत होतो. समजा, कॅमेरा आणि भिंगे मिळून दोन लाख रुपये पडले आणि ती पाच वर्षे टिकणार आहेत, तर वर्षाचे चाळीस हजार झाले. प्रवास, दुरुस्ती आणि जंगलाचे प्रवेशशुल्क यांचे बत्तीस हजार धरा. आणि वर्षाकाठी चोवीस चित्रे खपत असतील, तर एका चित्रामागे तीन हजार रुपये हा नुसता तळ झाला, ज्यात धुऱ्यावर उभे राहिलेल्या दोन तासांचा एक पैसाही नाही. या तळावर पुढचे सारे मजले चढतात: चित्र पाव पानावर जाणार की मुखपृष्ठावर, अंकाच्या प्रती किती, संकेतस्थळावरही झळकणार काय, आणि विशेषतः ते अन्यत्र देऊ नये अशी अट आहे काय, कारण तशी अट घातली की त्या मुदतीतील इतर ग्राहक आपण गमावतो आणि ते नुकसान अट घालणाऱ्यानेच भरून दिले पाहिजे. खंड्याचे चित्र कोठेही मिळेल. भर पावसाळ्यात बांधीत उभ्या सारस जोडप्याचे तसे नाही, आणि दुर्मिळतेचे मोल मागण्यात संकोच कशाला?

तुटपुंज्या भांडवलावर निष्ठेने चालणाऱ्या अंकांचे काय, असे कोणी विचारील. त्यांच्यासाठी दर अवश्य उतरवावा, हक्क मात्र उतरवू नयेत. कमी पैशांत एकच अंक, एकच वेळ, चित्राखाली नाव, एवढेच द्यावे. आणि घरट्याचे जवळून काढलेले चित्र कोणी कितीही रक्कम देऊन मागितले तरी ते द्यावयाचे नाही, असे मी ठरवून टाकले आहे. मागणी आली की उद्या दहाजण त्याच बांधीत शिरतात आणि अंडी सोडून पक्षी उठतो.

हल्ली प्रत्येक चित्रासोबत मी अर्ध्या पानाचे पत्र पाठवतो. त्यात चित्राचे नाव, अंकाचे नाव, पानावरील आकार, ‘एकवार मुद्रणापुरती परवानगी, दिनदर्शिका व जाहिरात वर्ज्य’ हे वाक्य, रकमेची रिकामी जागा आणि प्रकाशनानंतर तीस दिवसांची मुदत एवढेच असते. गेल्या दिवाळीत एका छोट्या अंकाने ते सही करून परत पाठवले. रकमेच्या जागी त्यांनी एक हजार लिहिले होते, आणि मी ते मान्य केले.