तरुण वयातील हृदयविकार : कारणे आणि सावधगिरी

हृदयविकार हा साठीनंतरचा आजार, अशी आपली पूर्वापार समजूत आहे. त्यामुळे पस्तिशी-चाळिशीतील घरचा कर्ता मुलगा हृदयविकाराच्या झटक्याने गेल्याचे कानी येते, तेव्हा 'कालपर्यंत तर धडधाकट होता' असे म्हणत आपण हळहळतो. वास्तविक हा आजार काल सुरू झालेला नसतो.

कोरियन युद्धात मृत्युमुखी पडलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध झाले. त्यांचे सरासरी वय अवघे २२ वर्षे होते. तरीही तीन-चतुर्थांशाहून अधिक जणांच्या हृदयरोहिण्यांमध्ये विकाराची चिन्हे आढळली. रोहिणीच्या अस्तराखाली मेदाचा थर वर्षानुवर्षे नकळत साचत राहतो. एके दिवशी त्या थराला चीर पडते, तेथे रक्ताची गुठळी होते, रक्तप्रवाह अडतो आणि झटका येतो.

हे कशामुळे घडते? ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या संशोधनाचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. धूम्रपान, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा वाढलेला घेर, मानसिक ताण, आहारात फळे-भाज्यांची उणीव, व्यायामाचा अभाव आदी नऊ घटकांशी सुमारे ९० टक्के धोका निगडित असल्याचे त्यातून दिसून आले. आपल्या दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी येतो, हेही त्याच संशोधनातून पुढे आले. केवळ विडी-सिगारेटच नव्हे, तर चघळण्याची तंबाखूदेखील हृदयाला घातक आहे.

यांपैकी बहुतेक गोष्टी मोजता येतात आणि बदलताही येतात, ही दिलासा देणारी बाब आहे. विशीतच रक्तदाब, रक्तशर्करा आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. पुरुषांच्या पोटाचा घेर ९० सेंटीमीटरहून व स्त्रियांचा ८० सेंटीमीटरहून अधिक असल्यास सावध व्हावे. वडील वा भाऊ यांना ५५ वर्षांपूर्वी, अथवा आई वा बहीण यांना ६५ वर्षांपूर्वी हृदयविकार झाला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. गरोदरपणात रक्तदाब वा मधुमेह झालेल्या भगिनींनीही पुढे नियमित तपासणी करावी. धूम्रपान सोडल्यावर वर्षभरातच त्यामुळे वाढलेला धोका जवळपास निम्म्यावर येतो.

छातीत दडपण, डाव्या हातात वा जबड्यात कळ, दरदरून घाम अशी लक्षणे दिसताच 'गॅस झाला असेल' म्हणून सोडा पीत बसू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. अशा वेळी 'एवढ्या तरुण वयात हृदयविकार कसा होईल?' हा आपलाच प्रश्न रुग्णाचा मौल्यवान वेळ हिरावून घेतो.